आळीतला पाट

६ सप्टेंबर. सकाळी धुकं, मग ऊन.

आजपासून पुन्हा रोजनिशी. खरं तर एप्रिलमध्ये फेरपाळीने आळीप्रमुखपद माझ्याकडे आलं तेव्हाच सुरू करायला हवी होती. पण तेव्हा उजवं मनगट प्लास्टरमध्ये होतं, आणि डाव्या हाताने काढलेलं अक्षर पाहून मला माझ्याच वर्गातल्या आळशी पोरांच्या वह्या आठवत.

संध्याकाळी शेजारचा ओबाता आला. चटया विणण्याचं दुकान त्याने मुलाकडे सोपवलंय, पण बोटांना अजून गवताचा वास येतो. त्याच्या बायकोने, फुसाएने, वांग्याचं लोणचं पाठवलं होतं. चहा झाला, हवापाणी झालं, भाताच्या लोंब्यांचं झालं. ओबाताला जे बोलायचं असतं ते तो नेहमी चप्पल पायात घालताना बोलतो.

"गुरुजी, त्या गटारावर झाकणं टाकून घ्यावीत असं म्हणतायत सगळे."

"गटार नव्हे, पाट. आणि सगळे म्हणजे कोण?"

"सगळे म्हणजे..." त्याने जरा विचार केला. "मी."

"तुला काय अडचण?"

"गुडघे," ओबाता म्हणाला, आणि स्वतःच्या गुडघ्यांकडे असं पाहिलं की जणू आत्ताच कोणी त्यांची ओळख करून दिली. "उघड्या पाण्याच्या कडेने चालायचं म्हणजे भीती वाटते. बर्फात तर कडच दिसत नाही."

मी 'बघू' म्हणालो. माणूस माझ्याहून दहा वर्षांनी लहान, आणि गुडघे गेले. वाईट वाटलं.

८ सप्टेंबर. निरभ्र.

पाट कधी खणला हे आळीत कोणालाच माहीत नाही. डोंगरातून येतो, देवळामागून वळतो, घरांच्या दारांवरून जातो आणि खाली भातशेतीत शिरतो. माझ्या दारापाशी एक सपाट दगड आहे. मित्सुए लग्न होऊन आली तेव्हापासून गेली तोवर त्या दगडावर बसून दर नोव्हेंबरात लोणच्यासाठी सलगमाची पानं धुवायची. हात लाल व्हायचे. मी खिडकीत वह्या तपासत बसलेलो असे, आणि ती मी वर्गात शिकवत असलेली कविताच गुणगुणत असे:

पाण्या, पाण्या, थांब जरासा, नाव सांग ना गावाचे;
थांबायाला वेळ कुठे रे, शेत बोलवी भाताचे.

जुन्या क्रमिक पुस्तकातली. कवीचं नाव पुस्तकात कधी छापलंच नव्हतं. दुसऱ्या ओळीत ती मुद्दाम 'शेत' ऐवजी 'पोट' म्हणायची, म्हणजे मी खिडकीतून ओरडावं आणि तिने हसावं.

उन्हाळ्यात याच पाण्यात जाळीत बांधून कलिंगडं सोडत. पोरं पानांच्या होड्या सोडत आणि खालच्या घरापर्यंत धावत जात. हे सगळं सिमेंटखाली घालायचं?

११ सप्टेंबर. दुपारी सर.

नगरपालिकेत गेलो. रस्ते विभागात तोगाशी बसतो, माझाच विद्यार्थी. कविता पाठ होत नसे म्हणून पोट दुखायचं त्याचं. आता डोक्यावर केस नाहीत आणि खुर्चीमागे अख्ख्या शहराचा नकाशा आहे.

"मोठे रस्ते आम्ही बघतो, गुरुजी. खड्डा पडला की फोन करायचा, दोन-तीन दिवसांत गाडी येते. पण तुमच्या आळीत आमची गाडी शिरतच नाही. अशा अरुंद वाटांना आम्ही सामान देतो. हात तुमचे."

"म्हणजे श्रमदान."

"श्रमदान. फक्त पाटालगतच्या प्रत्येक घराचा संमतीचा शिक्का लागतो. एक जरी राहिला तरी झाकणं दुसऱ्या आळीला जातात. त्यांचीही रांग आहे."

"मुदत?"

"सप्टेंबरअखेर. बर्फ पडायच्या आत बसवायला हवीत, नाहीतर..." तो थांबला आणि माझ्या मनगटाकडे बघू लागला. "हात कसा आहे आता?"

"उत्तम. दगड ओले होते, पाय सरकला. कोणाचाही सरकला असता."

"हो. ते मार्चमध्ये. आणि त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी पडलो तेव्हा वर चंद्र होता."

तोगाशीने मान डोलावली. मग माझ्यासाठी स्वतः उठून चहा आणला. कविता पाठ झाली नाही तरी पोरगा चांगला निघाला.

परत येताना मनात एक विचित्र गोष्ट आली. श्रमदान हा शब्द मी किती वर्षांनी ऐकला. वडिलांच्या वेळी वसंतात आणि शरदात अख्खी आळी वाटेवर उतरायची. नदीतली खडी गवताच्या टोपल्यांतून आणायची, पुरुष ठोकायचे, बायका चुलीवर अरवीचं कालवण रटरटत ठेवायच्या. मी लहान, मला फक्त खडे वेचायला देत. पुढे वाटेवर डांबर आलं आणि ते सगळं संपलं. ते परत यावं असं मला आयुष्यभर वाटत आलं. आता येतंय, तर पाट बुजवायला येतंय.

१२ सप्टेंबर.

लेकीचा, चिहारुचा, सेंदाईहून फोन. तेच बोलणं.

"बाबा, मी तेव्हाच सांगितलं होतं. आणखी एकदा पडलात तर मी तुमचं ऐकणार नाही. या बर्फाच्या आधी काय ते ठरवा. मी शिवणाची खोली रिकामी केलीय."

"सेंदाईत तुझ्या खिडकीखाली पाट आहे का?"

"सहाव्या मजल्यावर पाट?"

"मग मी काय ऐकू?"

"मला ऐका की जरा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला म्हणून मी कलिंगडांचा विषय काढला.

तिने एकदा ठरवलं की ठरवलं. आईवर गेलीय. या घरातून मला उचललं तर तो दगड कोणाच्या हातांनी झिजलाय हे सांगायला इथे कोण उरेल? रात्री बराच वेळ हेच घोळत होतं. मी जाणार नाही. पण पुन्हा पाय सरकला तर माझ्या 'नाही'ला काही वजन उरणार नाही, हेही कळतं.

१७ सप्टेंबर. वारा.

संध्याकाळी देवळापर्यंत फेरी. मी दारातून बाहेर पडतो आणि नेमका त्याच वेळी ओबाताही बाहेर पडतो, हे आता इतक्या वेळा झालंय की आम्ही एकमेकांना नवल दाखवणं सोडून दिलंय. तो नेहमी पाटाच्या बाजूने चालतो. मी पाण्याजवळ सरकलो की तोही सरकतो, मग आम्ही दोघं तिरके चालत भिंतीला लागतो. त्यालाही पाण्याचं वेड असावं, कबूल करत नाही एवढंच. आणि हाच माणूस झाकणं मागतो. गुडघे माणसाला किती बदलून टाकतात.

आज देवळाच्या वळणावर ढगांच्या रांगा इतक्या सुंदर होत्या की मी कविता म्हणू लागलो. ओबाताने माझी बाही धरली.

"काय रे?"

"काही नाही. गुडघा."

"धर, धर," मी म्हणालो. घरी येईपर्यंत त्याने बाही सोडली नाही.

१९ सप्टेंबर.

ओबाता छपरावर चढून कौलं बसवत होता. मी खालून विचारलं, "गुडघे?"

तो वरच बसून राहिला. फुसाएने अंगणातून उत्तर दिलं, "चढताना दुखत नाहीत हो गुरुजी. सपाटीवर दुखतात."

वैद्यकशास्त्र अजब आहे.

२३ सप्टेंबर. शरदसंपात. थंड, स्वच्छ.

मित्सुएच्या थडग्यावर जाऊन आलो. फुसाएने लाल घेवड्याचं गोड पुरण लावलेले भाताचे गोळे दिले होते. तिथे बसून एक मी खाल्ला, एक तिच्यापुढे ठेवला, मग तोही मीच खाल्ला.

तिला विचारलं, काय करू? हयातीतही अशा प्रश्नांना ती उत्तर देत नसे. 'तुमचं आधीच ठरलेलं असतं, मला कशाला विचारता' म्हणायची.

खरंच ठरलेलं आहे का माझं? माझ्या आठवणींसाठी शेजाऱ्याचे गुडघे पणाला लावायचे, हे वर्गात कोणी केलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. दुसरीकडे असंही वाटतं, पाण्याचा आवाज गेला की मित्सुएचा तो नोव्हेंबरही जाईल. मला तिचा चेहरा फोटोशिवाय नीट आठवत नाही आता. पाणी वाजायला लागलं की आठवतो.

संमतीच्या कागदाची फिरती पाटी घरोघर जाऊन आज माझ्याकडे परत आली. सगळ्या घरांचे लाल शिक्के उमटलेत. माझा चौकोन तेवढा पांढरा. कोणी काही बोललं नाही. आमच्या आळीत बोलत नाहीत. फक्त सकाळपासून माझ्या दारात दोघांनी घरचं लोणचं आणि एकाने नासपतींची टोपली ठेवलीय.

२७ सप्टेंबर. कोरडं, लख्ख ऊन.

आज वाईट प्रसंग झाला. लगेच लिहून ठेवतो.

दुपारी मी खिडकीत होतो. ओबाता त्याच्या दारातून बाहेर आला. ऊन असूनही त्याने गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घातले होते. माझ्या दारासमोर येऊन तो थांबला, मनगटावरचं घड्याळ काढून भिंतीवर ठेवलं, चष्मा काढून त्याच्या शेजारी ठेवला. मला वाटलं, घाम आला असावा. मग त्याने माझ्या खिडकीकडे पाहिलं. मी हात केला. त्याने हात केला नाही. एक पाय पुढे टाकला, मग जरा मागे घेतला, आणि पाटात पडला.

मी चपला न घालताच धावलो. तो कमरेपर्यंत भिजून बसला होता.

"गुरुजी," तो म्हणाला, "पडलो."

"पाहिलं मी. हाड तर नाही ना मोडलं? कुठे लागलं?"

"गुडघा," त्याने कोपर चोळत म्हटलं.

फुसाए टॉवेल घेऊन आली. ती इतक्या लवकर कशी आली कोण जाणे, टॉवेल तिच्या हातात तयारच होता. मला वाटलं ती रडेल. ती त्याच्या पाठीत एक धपाटा घालून म्हणाली, "एवढं खोल कशाला जायचं? पाणी केवढं गार आहे."

घाबरलेली बाई काहीही बोलते. मी तिला समजावलं, की त्याने मुद्दाम थोडंच केलंय. तिने टॉवेलात तोंड खुपसलं आणि तिचे खांदे हलत राहिले. मला फार अपराधी वाटलं.

नशीब, घड्याळ आणि चष्मा बाहेर होते.

तिन्हीसांजेला मी कपाटातून शिक्का काढला. वडिलांचा, हस्तिदंती. लाल शाई वाळली होती, श्वास सोडून ओली केली. चौकोनात उमटवला. अगदी सरळ आला. मग दार उघडून तो सपाट दगड काळा पडेपर्यंत पाण्याकडे पाहत उभा राहिलो.

माझं काय, आठवणी आणखी दोन-चार वर्षांपुरत्याच. ओबाताला अजून बरंच जगायचंय.

२९ सप्टेंबर.

पाटी तोगाशीकडे पोहोचवली. त्याने माझा शिक्का पाहिला, उभा राहिला आणि वाकून नमस्कार केला. म्हणालो, "अरे, तुझ्यासाठी नाही, ओबातासाठी केलंय."

"हो गुरुजी. त्यांच्यासाठी केलंत हे ऐकून बरं वाटलं." मग म्हणाला, "कसे आहेत ते? सर्दी वगैरे?"

पडल्याची बातमी नगरपालिकेपर्यंत गेलीसुद्धा. लहान शहर.

१९ ऑक्टोबर. रविवार. ढग नाहीत.

श्रमदान.

सकाळी देवळापाशी ट्रकने झाकणं उतरवली. तिथून पुढे हातगाड्या. तोगाशी सुट्टीचा दिवस असून जुनी पँट घालून आला. बायकांनी नदीकाठून दगड आणून चूल मांडली होती, अरवी, कांद्याची पात आणि मांस एकाच मोठ्या भांड्यात. तो वास आला आणि मी सात वर्षांचा झालो. मला वाटलं आत्ता वडील हाक मारतील, खडे वेच म्हणून.

मला खरंच खडेच वेचायला दिले. पाटाच्या काठावर नाही, अंगणात बसून. खुर्ची आधीच ठेवलेली होती.

ओबाताने एक सिमेंटचं झाकण एकट्याने छातीशी कवटाळून उचललं आणि चालू लागला. मी ओरडलो, "अरे, गुडघे." तो जागच्या जागी थांबला, झाकण हळूच खाली ठेवलं आणि "आई गं" म्हणाला. जरा उशिरा म्हणाला. आजूबाजूचे सगळे एकदम खाली वाकून काम करू लागले.

"ओबाताकाका," तोगाशी म्हणाला, "पडायचं ते एकदाच. आता उचलायचं."

"तू गप रे," ओबाता म्हणाला.

माझ्या दारापाशी आले तेव्हा सगळे थांबले. तो सपाट दगड काढल्याशिवाय झाकण बसणार नव्हतं. तिघांनी पहारीने तो उचलला. खालच्या बाजूला हिरवं शेवाळ होतं आणि एक खेकडा घाबरून पळाला. ओबाताने कोणाला न विचारता दगड माझ्या अंगणात आणला, खिडकीखाली, आणि तो डुगडुगू नये म्हणून बराच वेळ खालची माती ठोकत बसला.

"इथे बरा आहे ना, गुरुजी?"

मान हलवली.

मग तोगाशी म्हणाला, "हिवाळ्यात बर्फ पाण्यात ढकलायला कुठेतरी उघडणारी लोखंडी जाळी लागतेच. ती तुमच्याच दारात बसवू. पाणी दिसेल, वाजेलही."

"आणि किल्ली माझ्याकडे," ओबाता चटकन म्हणाला.

"त्याच्याकडे का?"

"मला आवडतात किल्ल्या."

चाळीस वर्षं शेजारी राहतो, हे मला माहीत नव्हतं.

कालवण संपेपर्यंत अंधारून आलं. वाट रुंद, सपाट, अनोळखी दिसत होती. कोणीतरी मला कविता म्हणायला सांगितली. म्हटली. तोगाशीने दुसरी ओळ माझ्याबरोबर म्हटली, न चुकता. माझ्या वर्गात का नाही आली रे तुला, असं विचारणार होतो, पण त्याच्या तोंडात अरवी होती.

४ नोव्हेंबर. पाऊस.

आवाज बदललाय. पूर्वी पाणी पायाशी बोलायचं, आता जाळीतून, खोल विहिरीतून आल्यासारखं. सलगमाची पानं बाजारात आली. मी एक जुडी आणली आणि नळाखाली धुतली. लोणचं घालता येत नाही मला. फुसाएला नेऊन दिली.

चूक केली का मी? कधी वाटतं हो. खिडकीत बसतो, बाहेर राखाडी सिमेंट, आणि मनात काहीच येत नाही. शिक्का उमटवताना मला कोणी विचारलं असतं की तू आठवण देतोयस का, तर मी म्हटलं असतं, नाही, फक्त पाटाची कड देतोय.

९ नोव्हेंबर.

पहाटे जाग आली. पाऊस थांबला होता, गाड्या नव्हत्या. जाळीतून पाणी स्पष्ट ऐकू आलं. 'पोट बोलवी भाताचे.' अंथरुणातच हसलो.

२३ नोव्हेंबर. थंडी. डोंगरावर पांढरं.

चिहारु आली. आधी माझ्याकडे नाही, ओबाताच्या फाटकात गेली. मी खिडकीतून पाहिलं, ती फुसाएसमोर इतकी खाली वाकली की केस पुढे पडले. मग ओबातासमोर तशीच. त्याने दोन्ही हात हलवून 'नको, नको' केलं आणि घरात पळाला. सेंदाईच्या चांगल्या दुकानातला मिठाईचा मोठा डबा त्यांना, मला साध्या बिस्किटांचा पुडा. घरात आली तेव्हा तिचं नाक लाल होतं.

"सर्दी झाली का?"

"हो," ती म्हणाली.

मग ती वाटेवर गेली, आपल्या पायाने एकेक झाकण दाबून बघत देवळापर्यंत गेली आणि परत आली. नगरपालिकेत नोकरी करत असल्यासारखी.

जेवताना मीच विषय काढला. "त्या खोलीचं काय केलंस? रिकामी ठेवू नकोस, बुरशी येते."

"शिवणयंत्र परत लावलंय," तिने माझ्या वाटीत भात वाढत सांगितलं. "पडदे शिवतेय. इथल्या खिडकीला."

इतकी हट्टी पोरगी अशी अचानक वळली कशी, याचा विचार करत बसलो. मी काही युक्तिवाद केला नव्हता. वय वाढतं तसा समजूतदारपणा येतो, दुसरं काय. मित्सुएलाही उशिराच आला होता.

निघताना म्हणाली, "ओबाताकाकांना त्रास देऊ नका."

"मी त्रास देतो? त्याच्यासाठी मी पाट दिला."

तिने मला मिठी मारली. आमच्या घरात कोणी मिठी मारत नाही. दोघंही जरा गोंधळलो.

११ डिसेंबर. पहिला मोठा बर्फ.

सकाळी दार उघडलं तर आळी नव्हतीच. फक्त पांढरं, आणि त्यावर घरांची छपरं ठेवल्यासारखी. वाट कुठे, पाट कुठे, काही कळेना. मी टोपी घातली, काठी घेतली, उंबऱ्यावर क्षणभर थांबलो आणि पाय टाकला. खाली टणक लागलं. दुसरा टाकला.

ओबाता त्याच्या दारात फावड्याने बर्फ लोटत होता. मी चालू लागलो तसं त्याचं फावडं थांबलं. मला वाटलं, आता टोपी घालून येईल.

"फिरायला, गुरुजी?"

"देवळापर्यंत. येतोस?"

त्याने वाटेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तोंडातून वाफ येत होती.

"नाही," तो म्हणाला. "तुम्ही जा. मला इथलं आवरायचंय."

मी गेलो. बर्फ नुकताच थांबला होता आणि देवदारांमागे आकाश अशा रंगाचं झालं होतं की मान खाली करणं शक्यच नव्हतं. मी मान खाली केली नाही. वळणावर पोहोचून मागे पाहिलं तर माझी पावलं वाटेच्या मधूनच नव्हे, कडेकडेने, झाकणांवरूनही, इकडून तिकडे, पोरासारखी वाकडीतिकडी उमटली होती. ओबाता फावड्यावर हनुवटी टेकवून अजून तिथेच उभा होता. फार लांबून मी हात केला, आणि या वेळी त्यानेही केला.